रोहिणीचे पहिले वाक्य

॥ श्री ॥

बेलापूर, ता. श्रीरामपूर
मकरसंक्रांत, १४ जानेवारी २०२५

ज्याच्या कृपेवाचून जिभेला शब्द लाभत नाही आणि लाभलेल्या शब्दाला अर्थ येत नाही, त्या दयाघनाला प्रथम वंदन करतो. या वृद्ध हाताकडून जे लिहिले जाईल ते सत्य असावे आणि जे सत्य असेल ते कोणाला टोचू नये, एवढेच त्याच्यापाशी मागणे आहे.

चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद.

तू आईशी फोनवर बोलतेस आणि माझा आवाज आला की फोन बंद होतो. गेल्या एकादशीला तू तिला सांगितलेस की अण्णांना काही म्हणायचे असेल तर त्यांनी लिहावे, नाशिकच्या समुपदेशन केंद्रात पंकजाताईंच्या नावे पाठवावे, आणि वाचायचे की नाही ते तू ठरवशील. ही अट मला मान्य आहे. बावीस वर्षे संस्कृत शिकवले आणि चाळीस वर्षे कीर्तन केले. ऐकणारा आपल्या इच्छेने बसलेला असावा लागतो, हे मला कळते.

तुला घर सोडून नऊ महिने होत आले. या काळात मी पुष्कळ चिंतन केले. मनुष्यदेह दुर्लभ आहे आणि त्याची सार्थकता मर्यादेत राहण्यात आहे, असे सर्व शास्त्रांचे मत आहे. नदीला काठ असतात म्हणून ती समुद्राला मिळते. मी जे केले ते तुला काठ मिळावा म्हणून केले. नगरच्या त्या डॉक्टरांकडे नेले तेही त्याच हेतूने. सप्ताहातील त्या प्रसंगाविषयी तुझा काही गैरसमज झाला आहे. मी कोणाचेही नाव घेतले नव्हते. श्रावणात मला इस्पितळात येता आले नाही, त्याचे कारण तुला आईने सांगितले असेलच.

इतके लिहून आईला वाचून दाखवले. ती तीळ भाजत होती. हात न थांबवता म्हणाली, "आवो, कीर्तन नका लिहू. पत्र लिव्हा. लेक हाय ती तुमची, मांडवात बसलेली बाई न्हाई."

मी तिला म्हटले, यात चुकीचे काय आहे ते दाखव. ती म्हणाली, "चुकीचं काहीच न्हाई त्यात. म्हनून तर कोरडं हाय."

तिचा राग माझ्यावर आहे, हे तुला ठाऊक असावे. तीळगूळ सोबत पाठवीत आहे. तो मात्र तिने केला आहे, तेव्हा गोड असेल.

तुझा हितचिंतक,
अण्णा

---

॥ श्री ॥

बेलापूर
१४ फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणीस आशीर्वाद.

मागील पत्र तू उघडले नाहीस, असे पंकजाताईंनी कळवले. 'पाकीट माझ्या कपाटात आहे, तीळगूळ तिने नेला,' असे त्यांचे शब्द होते. त्याच चिठ्ठीत त्यांनी लिहिले की मला यावेसे वाटले तर मी एकटा येऊन त्यांच्याशी बोलावे. तुझी याला हरकत नाही, मात्र तू तेथे नसशील.

परवा बुधवारी मी जाऊन आलो. शिर्डीमार्गे जाणारी सकाळची एसटी धरली. पिशवीत चार ग्रंथ घेतले होते, पानांत खुणा घालून. एका शिकलेल्या बाईशी वाद करायचा तर प्रमाणे हाताशी असावीत, असा विचार होता.

त्या माझ्या कल्पनेपेक्षा लहान निघाल्या. तुझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी पाणी दिले आणि म्हणाल्या, "अण्णा म्हटलं तर चालेल ना? रोहिणी तसंच म्हणते."

तू माझा उल्लेख करतेस, हे मला तेव्हा कळले. ग्रंथांची पिशवी मी खुर्चीखाली सरकवली.

मी विचारले, "किती दिवसांत बरी होईल?"

"कशातून?"

मी खुर्चीखालच्या पिशवीकडे पाहिले. त्याच म्हणाल्या, "तिला मुलीविषयी प्रेम वाटतं, हा आजार नाही, अण्णा. त्यामुळे त्यातून बरं होण्याचा प्रश्न नाही. बदलून देतो म्हणणं हे वैद्यक आयोगानंच गैरवर्तन ठरवलं आहे. ती माझ्याकडे आली ती भीती घेऊन. आपण घाण आहोत, असं तिला कोणीतरी पटवून दिलं होतं. आम्ही त्यावर काम करतो."

'कोणीतरी' हा शब्द त्यांनी माझ्याकडे न पाहता उच्चारला. तेवढी दया त्यांनी केली.

मी विचारले, ती येथे काय बोलते? त्या म्हणाल्या, "ते तिचं आहे. ती सांगेल तर तुम्हाला कळेल."

"मी तिचा बाप आहे."

"म्हणूनच तुम्हाला चहा विचारते आहे. पण तिचं बोलणं मी तुम्हाला देऊ शकत नाही."

मला राग आला होता. आता लिहिताना तो राग कोठून आला ते दिसते. एका परक्या बाईने माझ्या मुलीचे बोलणे तिच्या बापापासूनही राखले होते. आणि मी… ते पुढे लिहीन. अजून धीर होत नाही.

निघताना त्यांनी एकच प्रश्न विचारला. "त्या दिवशी तिनं तुम्हाला सांगितलं, तेव्हा तिचं पहिलं वाक्य काय होतं?"

रोहिणी, मला अठरा अध्याय मुखोद्गत आहेत. कोणता चरण कोणत्या पानावर, पानाच्या कोणत्या बाजूला आहे, ते डोळे मिटून सांगतो. त्या दिवशी मी तुला काय म्हणालो, ते शब्दाशब्दाने आठवते: 'हे बोललीस ते बोललीस, पुन्हा या घरात उच्चारू नकोस.' तो कार्तिकातला सोमवार होता, तुझ्या हातात धुतलेला तांब्या होता, हेही आठवते.

तुझे वाक्य आठवेना. एसटीत आठवत बसलो. कोपरगाव गेले, शिर्डी गेली. आठवेना.

अण्णा

---

॥ श्री ॥

बेलापूर
५ मार्च २०२५

चि. रोहिणीस,

तुझे वाक्य सापडले. मला आठवले नाही. तुझ्या आईपाशी होते. त्या दिवशी ती चुलीपुढे भाकरी थापत होती, आणि माझी समजूत अशी होती की तिचे लक्ष नव्हते.

तीन आठवडे मी तिला विचारायचे टाळले, कारण विचारणे म्हणजे कबूल करणे. काल विचारले. तिने पदराने हात पुसले आणि तुझ्याच आवाजात सांगितले, गावाकडचा एक शब्दही न मिसळता: "अण्णा, मृदंगावरचा पहिला बोल तुम्ही शिकवलात, म्हणून हेही सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगते."

मग स्वतःच्या आवाजात म्हणाली, "आईच्या आदी बापाला सांगितलं पोरीनं. मला वाईट वाटलं हुतं तवा. आता वाटतं, बरं झालं मला न्हाई सांगितलं. मी बी तेच केलं असतं."

तिने तसे केले नसते. मला बरे वाटावे म्हणून ती तसे म्हणाली.

आता जे मागे दोनदा टाळले ते लिहितो.

नगरच्या त्या डॉक्टरकडे मी तुला सहा वेळा नेले. त्याने गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितले, वर्षभरात लग्नाला उभी राहील. फाल्गुनात तुझे हात थरथरू लागले. मृदंगाच्या डाव्या पुडीला सुरासाठी कणीक लावताना ती तुझ्या बोटांतून गळून पडायची. मी पाहत होतो. तालुक्यात मृदंग वाजवणारी एकच मुलगी, ती माझी, असे मी प्रत्येक गावी सांगत फिरलो होतो. त्या मुलीचे हात माझ्यासमोर थरथरत होते आणि मी तिला म्हणालो, औषध लागू पडते आहे.

मग चैत्रातला सप्ताह आला. हनुमान जयंतीचा मांडव, सप्ताहातले पाचवे कीर्तन माझे. मागे टाळकरी, उजव्या हाताला तू मृदंगावर. निरूपण रंगले नव्हते. ऐकणारे चुळबुळत होते. असे झाले की कीर्तनकार दृष्टांत शोधतो, हे तुला ठाऊक आहे; तू लहानपणापासून माझे दृष्टांत मोजत आलीस. त्या क्षणी जे सर्वांत ताजे होते ते मी उचलले. 'एका घरी एक कन्या होती,' असे म्हणालो. 'हातात विद्या, मुखी नाम, पण मनाची ओढ विपरीत.' मांडव शांत झाला. ऐकणारे हाती आल्याचे मला कळले आणि मी पुढे बोलत गेलो. नाव घेतले नव्हते, असे मी तुला पहिल्या पत्रात लिहिले. नाव घेण्याची गरजच नव्हती. शे-दोनशे माना माझ्या उजव्या हाताला वळल्या.

आणि मृदंग थांबला.

टाळकऱ्यांतल्या अंगदने मोठ्याने गजर धरला म्हणून ते झाकले गेले. दुसऱ्या दिवशी तू पहाटेच्या गाडीने गेलीस. पुढे काल्याच्या दिवशी दुसरा मृदंग आणला आणि कार्य पार पडले. मी तेही पार पाडले.

तू जे सगळ्यांत आधी मला दिलेस, ते मी सगळ्यांना वाटले. ज्या जिभेवर नाम ठेवले त्याच जिभेवरून.

राहिले श्रावणातले. नाशिकच्या इस्पितळातून फोन आला तो पारायणाचा चौथा दिवस होता. सात दिवस गावाची शीव ओलांडायची नाही, असा संकल्प होता. आईने पिशवी भरली आणि दारात उभी राहिली. मी पोथीवरून उठलो नाही. म्हणालो, संकल्प मोडला तर तिलाच दोष लागेल. आई एकटी आली. तुला कशासाठी दाखल केले होते हे मला ठाऊक होते, रोहिणी. ठाऊक असून मी उरलेले तीन दिवस वाचत राहिलो. पुढील अध्याय दयेचा होता. मी तो शुद्ध उच्चारात वाचला.

क्षमा मागत नाही. क्षमा मागणे म्हणजे तुझ्याकडून आणखी काही मागणेच होईल.

एकच विचारायचे आहे. सप्ताह समितीने याही वर्षी पाचवे कीर्तन मला दिले आहे. त्याच जागी उभा राहून मला त्या दृष्टांताविषयी बोलायचे आहे. परंतु ते तुझे आहे. तुझ्या संमतीवाचून एक अक्षरही बोलणार नाही. उत्तर आले नाही तर ते नाहीच आहे, असे समजेन.

अण्णा

---

॥ श्री ॥

बेलापूर
१४ एप्रिल २०२५

चि. रोहिणीस,

तुझी चिठ्ठी पंकजाताईंच्या पाकिटातून आली. एका ओळीची. 'माझं नाव घेऊ नका. स्वतःचं घ्या.'

वर्षभरात तुझे अक्षर पहिल्यांदा पाहिले. आईने ती चिठ्ठी देवापुढे ठेवली. मी म्हटले, हा देवापुढे ठेवण्याचा मजकूर नाही. ती म्हणाली, "मग कोनापुढं ठिवायचा?"

तू सांगितलेस तसेच केले. कीर्तन सुरू झाले, नमन झाले आणि निरूपणाच्या जागी मी म्हणालो, मागल्या वर्षी याच गादीवरून सहादेव नावाच्या कीर्तनकाराने एक दृष्टांत दिला, तो दृष्टांत तोच आज मागे घेतो आहे. त्या दृष्टांतात विपरीत काही असेल तर तो सांगणारा होता. त्याच्यावर विश्वासाने एक गोष्ट सोपवली होती आणि ती त्याने मांडव जिंकण्यासाठी खर्चिली. ज्या माणसाची ती गोष्ट होती त्याच्यात दोष नव्हता, रोग नव्हता, पाप नव्हते. हे मला फार उशिरा, एका तरुण विदुषीने शिकवले.

याहून अधिक बोललो नाही. कन्या म्हणालो नाही, मुलगी म्हणालो नाही.

समितीचे आदिनाथराव पुढच्या रांगेतून उठले. "म्हाराज, ही नारदाची गादी हाय. तुमच्या घरचा वटा न्हाई."

मी म्हटले, "आदिनाथराव, हेच मागल्या वर्षी का नाही म्हणालात?"

ते खाली बसले. काही जण उठून गेले, मोजले नाहीत. यंदाचा मृदंग राहात्याच्या एका मुलाकडे होता. त्याला काही ठाऊक नव्हते, पण त्याने हात मांडीवर ठेवले आणि माझे बोलणे संपेपर्यंत उचलले नाहीत. शेवटी अंगदनेच गजर धरला. गेल्या वर्षी झाकण्यासाठी धरला होता. या वर्षी हळू धरला.

दुसऱ्या दिवशी समितीने कळवले की पुढील वर्षापासून पाचव्या कीर्तनाला दुसरे महाराज येतील. अंगद ओट्यावर बसून म्हणाला, "बरं झालं म्हाराज. तुमचे गुडघे लई वर्सं रजा मागत हुते. आता देऊन टाका." मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, असे आई म्हणाली.

एक आणखी. साखर कारखान्यावर टेम्पो चालवणारा वाल्मिक तुला आठवत असेल. मांडव उतरत असताना तो माझ्याजवळ आला आणि दोर गुंडाळण्याचे निमित्त करून उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "अण्णा, त्या नाशकातल्या बाई… फोन नंबर असतो का त्यांचा?" मी कागदावर लिहून दिला. कोणासाठी ते विचारले नाही. त्याने सांगितलेही नाही. कागद त्याने टोपीच्या घडीत ठेवला. त्याची गोष्ट त्याच्यापाशी राहिली. म्हणून तुला लिहितानाही मला याहून अधिक काही ठाऊक नाही, आणि ते बरे आहे.

हे सर्व केले म्हणून तू परत यावेस असे मी मानत नाही. गादीवरून बोललेले गादीवरून मागे घेता येते. त्या दिवशी वळलेल्या माना मागे घेता येत नाहीत. तुझे इस्पितळातले दिवसही नाहीत.

अण्णा

---

॥ श्री ॥

बेलापूर
२ जून २०२५

चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद.

तुझी दुसरी चिठ्ठी मिळाली. मी ती इतक्या वेळा वाचली की आता तीही मुखोद्गत आहे. 'अण्णा, मृदंग पाठवा. हात थरथरायचे थांबले आहेत. मला भेटायला अजून येऊ नका. घरी येईन असं समजू नका.'

चार वाक्ये. कोणते पहिले ते मी आता विसरणार नाही.

मृदंग वर्षभर गवसणीत होता. काल उघडला. उंदरांनी एक कातडी वादी कुरतडली होती, ती श्रीरामपुरातून बदलून आणली. गठ्ठे ठोकून सूर लावला. उजव्या पुडीच्या शाईला तडा नाही. डाव्या पुडीवर गेल्या वर्षीची कणीक तशीच वाळून राहिली होती, त्या संध्याकाळची, तुझ्या बोटांच्या ठशांसकट. तू वाजवून झाल्यावर ती नेहमी काढायचीस. त्या दिवशी काढली नाहीस. मी ती ओल्या फडक्याने भिजवून काढायला बसलो आणि काढवेना. आईने पाहिले. माझ्या हातातून फडके घेतले आणि तिने काढली. म्हणाली, "ते ठसं भेलेल्या हाताचं हुतं. राहू देऊ नका."

आईने घरच्या गव्हाचे पीठ एका डब्यात बांधून दिले आहे. नाशकात पीठ मिळते असे मी म्हटले, तर म्हणाली, "मिळत असंल. हे आमचं हाय."

वाल्मिक परवा नाशिकला माल घेऊन जातो आहे. त्याच्या टेम्पोत गवसणी ठेवू. पंकजाताईंच्या केंद्रावर उतरवेल. त्याचेही तेथे काम आहे, असे तो म्हणाला. मी आपल्या बाजारपेठेच्या चौकापर्यंत बरोबर जाईन आणि तेथे उतरेन. तू येऊ नका म्हणालीस, तेव्हा चौकापाशी माझी शीव संपते. श्रावणात जी शीव ओलांडायला हवी होती ती ओलांडली नाही. आज जी पाळायला हवी ती पाळतो. दोन्हींतला फरक कळायला मला सदुसष्ट वर्षे लागली.

त्या कार्तिकात तू मला एक नाव सांगणार होतीस. तोंड उघडले होतेस आणि मी हात वर केला. ते नाव मी विचारत नाही. कधी सांगावेसे वाटले तर सांग, नाही तर नको. सांगितलेस तर ते माझ्यापाशीच राहील.

रोज संध्याकाळी मी नामाला बसतो तेव्हा उजव्या हाताची जागा मोकळी ठेवतो. ती जागा तुझ्यासाठी राखली आहे, असे म्हणणे तुझ्यावर भार टाकणे होईल. ती मोकळी आहे, एवढेच. तेथे काही वाजत नाही, ते ऐकायला मी शिकतो आहे.

पंकजाताईंनी विचारले होते की ही पत्रे त्यांच्याकडे येणाऱ्या इतर आईबापांना, तुझी संमती असेल तर, वाचायला द्यावीत का. तू होकार कळवला आहेस. तुझे नाव बदलावे असे त्यांनी सुचवले तर तू म्हणालीस की नाव राहू द्या. हा निर्णय तुझा आहे, आणि त्याचा अर्थ लावण्याचा मला अधिकार नाही.

म्हणून शेवटचे शब्द तुझ्याबरोबरच त्यांच्यासाठीही.

हे ज्याच्या हाती पडेल त्याचे लेकरू त्याच्यापाशी सुखरूप बसलेले असो. ज्याचे दूर गेले असेल त्याला वाट पाहण्याचे बळ मिळो आणि न बोलावता वाट पाहण्याची बुद्धी मिळो. ज्या लेकराने आपले मन घेऊन दार ठोठावले, त्याला उघडणारा कोणीतरी भेटो. घरात न भेटला तर दुसऱ्या कोठे भेटो. ज्यांचे हात थरथरतात ते स्थिर होवोत. आणि ज्याला कोणी पहिले वाक्य सांगेल, त्याला ते ऐकू येवो.

सर्वांचे कल्याण असो.

तुझा,
अण्णा